खाडीतून रेती, खाडीत राडारोडा

ठाण्यातल्या नौपाड्यात राहणाऱ्या माणसाला ‘तुम्ही बेटावर राहता’ असं सांगितलं, तर तो तुमच्याकडे जरा संशयानेच बघेल. बेट म्हटलं की माडाची झाडं आणि होडी डोळ्यांपुढे येते, इथे तर रिक्षांची रांग आणि उड्डाणपुलाखाली कोंबलेल्या दुचाक्या. पण नकाशा उघडून बघावा. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत खाली येते आणि ठाण्यापाशी तिचं पाणी दुभंगतं. मोठा प्रवाह घोडबंदरच्या अंगाने वसईच्या खाडीकडे जातो आणि एक अरुंद फाटा साकेत-कळव्यावरून ठाण्याच्या खाडीत उतरतो. हे पाणी आणि पश्चिमेचा समुद्र यांच्या मधला तुकडा म्हणजे साष्टी. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला करून मिळवलेली साष्टी ती हीच. मुंबईची उपनगरं, मिरा-भाईंदर आणि निम्मं ठाणं आज तिच्यावर उभं आहे. जगातल्या सर्वाधिक लोकवस्तीच्या बेटांत तिची गणना होते. ठाण्याचाच दुसरा भाग, म्हणजे कळवा, मुंब्रा आणि दिवा, मात्र खाडीपलीकडे मुख्य भूमीवर आहे. तिथून पुढे त्याच पाण्याच्या काठाने डोंबिवली आणि कल्याण.

२०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या अठरा लाखांवर होती, कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या आसपास. त्यानंतर गर्दी किती वाढली, हे सकाळी आठच्या लोकलला विचारावं. एका बाजूला येऊर आणि पारसिकचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. डोंगर फोडायला खर्च येतो. खाडी बुजवायला, निदान बुजवणाऱ्याच्या खिशातून, फारसं काही जात नाही. ओतायला लागणारा माल त्याला फुकट मिळतो, बऱ्याचदा वर पैसेही मिळतात.

तसं पाहिलं तर हे पाणी या गावांचं भांडवल होतं. कल्याणचं नाव ‘पेरिप्लस’ या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात बंदर म्हणून येतं. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत कल्याणचे व्यापारी भेटतात. शिवाजी महाराजांनी १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीच्या काठी झाली. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर उभं राहून खालचं गढूळ पाणी बघणाऱ्याला इथे लढाऊ जहाजं बांधली जात होती, हे आज सांगूनही पटत नाही. गाळ साचत गेला, पात्र उथळ झालं. यात माणसाचा हात आहे तसा निसर्गाचाही आहे, कारण सह्याद्रीवरून येणारी माती कुठेतरी बसणारच.

खाडी हटवून जमीन मिळवणंही आजचं नव्हे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये ‘शिलोत्री’ नावाच्या जमीनधारणेची माहिती आहे. खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी येणाऱ्या दलदलीत, बांध घालून जमीन उठवायची आणि ती उठवणाऱ्याने बांध राखायचा, असा तो व्यवहार. आगरी आणि कोळी गावांत खारबंदिस्तीचं हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. उन्हाळ्यात भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरतीला जोर नसताना, खाडीतला चिखल काढून त्याचे गोळे हातोहात रचत बांध उचलायचा. पाण्याकडची बाजू दगडांनी मढवायची. मध्ये एक उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे बांधातलं दार. त्याची फळी खाडीच्या बाजूला उघडते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी फळी ढकलून बाहेर जातं आणि भरतीचं पाणी तीच फळी दाबून बंद करतं. पंप नको, वीज नको, रात्री उठून बघायला माणूस नको. दोन-तीन पावसाळ्यांत मातीतला खारटपणा धुऊन निघाला की लाल दाण्याचं, खारं पाणी सोसणारं भात लावायचं.

या पद्धतीचे उगाच गोडवे गाऊ नयेत. बांधाआडची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, मरत होती, खाजणातले मासे हटत होते आणि बांध राखण्याचे कष्ट सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नव्हते. पण एक गोष्ट होती. उधाणात बांधाला खांड पडली की खाडी परत आत येत असे. जमीन खाडीकडून घेतलेली आहे, हे गाव विसरू शकत नव्हतं, कारण दरवर्षी बांधावर चिखल चढवावा लागत होता. भरावाच्या जमिनीला अशी आठवण राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी सरकारने अंगावर घेतली. १९४८ मध्ये खार जमिनींचा कायदा आला, १९७९ मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम झाला. पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे आणि तिथून निघालेल्या भाताच्या जाती कोकणातल्या शेतकऱ्याच्या परिचयाच्या आहेत. मात्र ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात तोवर गिरण्या, कारखाने आणि रेल्वेची नोकरी आली होती. पोरं कामावर गेली, बांधावर चिखल चढवायला कोणी उरलं नाही. खांडी पडल्या त्या पडूनच राहिल्या. खारं पाणी शेतात शिरलं आणि त्यासोबत तिवराच्या बिया आल्या.

इथे एक तिढा आहे. जमीन सातबारावर शेतकऱ्याच्या नावाची, पण तिच्यावर आता तिवरांचं रान, आणि तिवराला हात लावला की गुन्हा. दिव्याच्या किंवा भिवंडीच्या बाजूचा म्हातारा शेतकरी म्हणतो, “बांध सरकारचा, फुटला त्यांच्या दुर्लक्षानं, आणि जमीन गेली माझी.” त्याला उत्तर देणं सोपं नाही. खारफुटी वाचवायचीच आहे, तर तिच्याखाली ज्याची शेती गेली त्याचा मोबदला ठरवायला हवा. तो ठरत नाही, म्हणून त्या जमिनीकडे पहिला गिऱ्हाईक जो येतो तो भराव करणारा असतो.

खाडीवरचं पहिलं मोठं भरावाचं काम अर्थात रेल्वेचं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी पूल टाकून, चिखलात बंधारे घालून रूळ कल्याणला पोचले. त्यानंतर रुळांच्या जोड्या वाढतच गेल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेली ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका ही ताजी भर. कळव्याहून कल्याणकडे जाताना खिडकीतून जे हिरवं दिसतं, ते बहुतेक तिवरच.

आता रेतीकडे. मुंब्रा, पारसिक, काल्हेर, काशेळी, डोंबिवली, कल्याण. या काठांवर ‘रेतीबंदर’ नावाची ठिकाणं उगाच नाहीत. मुंबईच्या स्लॅबमध्ये पडलेली किती रेती या खाडीची आहे, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. पूर्वी डुबी मारून, बादलीने रेती काढत. पुढे सक्शन पंप आले. पंपाचा पाइप तळाशी सोडला की रेतीबरोबर चिखल, कालवं, माशांची अंडी, सगळंच वर येतं. तळ खोल गेला की काठ ढासळतो आणि पुलांच्या पायांना धोका होतो. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने राज्यातल्या रेतीउपशावर बंदी घातली, मग नियम झाले, लिलाव झाले, बेकायदा बोटी जाळल्याच्या बातम्या अधूनमधून येतच राहिल्या.

गंमत बघा. खाडीतून रेती निघाली, तिची इमारत झाली. तीस-चाळीस वर्षांनी ती इमारत पुनर्विकासाला गेली, पाडली गेली आणि तिचा राडारोडा डंपरमधून परत खाडीच्या काठाला आला. खोल असायला हवं तिथे खोदलं नाही, उथळ राहायला हवं तिथे भरलं. आत-बाहेरचा हा व्यवहार बहुधा एकाच ठेकेदारी जगातला आहे.

भराव कसा होतो, ते दिव्यात किंवा डोंबिवली पश्चिमेच्या देवीचापाडा, कुंभारखाणपाडा, कोपर या खाडीकाठच्या भागांत लोक बोटावर मोजून सांगतात. आधी कोणी झाडाला हात लावत नाही. भरतीचं पाणी ज्या लहान नाळीतून आत येतं, तिच्या तोंडाशी चार डंपर रिकामे होतात. तेवढं पुरतं. तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखी जी शेकडो मुळं वर आलेली असतात, त्यांतून झाड श्वास घेतं, कारण चिखलात हवा नसते. त्याच्या पानाच्या मागे बोट फिरवलं तर मिठाचे कण लागतात. झाड शोषलेलं जादा मीठ पानातून बाहेर टाकतं. एवढी तयारी करून आलेलं झाड खाऱ्या पाण्याला डरत नाही, पण भरतीचं पाणी थांबलं किंवा मुळं मातीखाली गेली की काही महिन्यांत उभ्या जागी वाळतं. वाळलेली झाडं मग तोडली काय, जाळली काय, ‘आधीच मेलेली होती’ हे म्हणायला मोकळं. राडारोड्यावर लाल माती पसरते. पत्र्याचं कुंपण येतं. चाळ उभी राहते किंवा घाईघाईत बांधलेली पाच-सहा मजल्यांची इमारत. घर स्वस्त असतं, स्टेशन जवळ असतं आणि घेणारा बहुतेक वेळा आयुष्यात पहिल्यांदा घर घेणारा असतो. पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी मोरीतून पाणी उलटं वर येतं, तेव्हा त्याला खाडी पहिल्यांदा भेटते.

डंपरवाल्यांनाच दोष द्यावा, तर महापालिकांचा हातही स्वच्छ नाही. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षं दिव्याच्या खाडीकाठी पडला. तो थांबला २०२३ मध्ये. कल्याणचं आधारवाडी क्षेपणभूमीचं ठिकाणही खाडीला लागून. ती बंद झाली मे २०२१ मध्ये, तोवर उन्हाळ्यात तिला लागणारी आग आणि दुर्गाडी परिसरात पसरणारा धूर हा कल्याणकरांच्या सवयीचा भाग झाला होता. घनकचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांनाच स्थगिती दिली होती. बिल्डर रडले, कचरा मात्र पुढची काही वर्षं तिथेच पडत राहिला.

कायदा नाही, असं मुळीच नाही. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर ६ ऑक्टोबर २००५ ला उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडायला आणि तिच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकाम वा भराव करायला मनाई केली. सरकारी जमिनीवरची खारफुटी वन म्हणून जाहीर करायला सांगितलं. २०१२ मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर, घटनेच्या २१ व्या कलमावर घाला आहे, असं म्हटलं. जमीन कोणाचीही असो, खारफुटी किनारा नियमन क्षेत्राच्या पहिल्या, सर्वांत कडक वर्गात मोडते. २०२१ च्या वन सर्वेक्षण अहवालात महाराष्ट्राची खारफुटी ३२४ चौरस किलोमीटर भरली, आधीच्या अहवालांपेक्षा जास्त. म्हणजे कायद्याने काम केलं.

ठाणे खाडीची दक्षिणेकडची बाजू तर आता नावारूपाला आली आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. सुमारे १६९० हेक्टरांचं, त्यात ८९६ हेक्टर खारफुटी आणि उरलेलं पाणी. २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत जागा मिळाली. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीत बसून रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, पाहायला माणसं रांग लावतात. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून हे पक्षी इथे मोठ्या संख्येने यायला लागले आणि आता हंगामात ते लाखाच्या घरात जातात. ते खातात सूक्ष्म शेवाळ, आणि शेवाळाला इथे खाद्य मिळतं ते बरंचसं शहरांच्या सांडपाण्यातून. आपल्या घाणीवर पोसलेलं गुलाबी वैभव आहे हे. पाहुण्यांना दाखवताना तेवढं सांगायचं टाळतो आपण.

पण अंमलबजावणीची नजर झाडावर आहे. झाड उभं तर त्याला हात लावणं गुन्हा, झाड नाही तर मोकळी जमीन. खाडी काही झाडांचीच बनलेली नसते. ओहोटीला उघडा पडणारा चिखल, ज्यात निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळं करतात आणि उत्तरेकडून हजारो मैल उडून आलेले लहान पक्षी चोच खुपसून फिरतात, त्यावर एकही झाड नसतं. मिठागरांवर नसतं. पूर आला की नदी जिथे पसरते त्या माळावरही नसतं. गाळ वाढल्याने ठाणे खाडीत तिवरं खुद्द चिखलावरच सरकत चालली आहेत, त्यामुळे झाडं वाढली आणि पक्ष्यांची जेवणाची जागा आक्रसली, असंही चित्र आहे. उपग्रहाच्या नकाशावर ते हिरवं दिसतं, म्हणून यश म्हणून मोजलं जातं. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला माणूस बोय आणि जिताडा किती मिळतो यावर खाडी मोजतो, आणि त्याचं गणित बरंच वेगळं येतं.

पाण्याला जागा लागते, हा धडा उल्हास खोऱ्याने पुन्हापुन्हा दिला आहे. २६ जुलै २००५ ची आठवण मुंबईच्या नावाने निघते, पण त्या दिवशी कल्याण, बदलापूर आणि वालधुनी नदीकाठचे लोक पोटमाळ्यावर बसले होते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. वरून नदीचा लोंढा आणि खालून साडेचार मीटरची भरती एकाच वेळी आली, की खाडी पाणी घेतच नाही. ते मागे वळतं आणि सखल भाग शोधतं. तो सखल भाग आता भरलेला असतो आणि त्यावर सोसायटीचं नाव लिहिलेलं असतं.

बेटावरच्या गर्दीचा प्रश्न काही आपल्यालाच पडलेला नाही. सिंगापूरने साठच्या दशकातलं आपलं ५८१ चौरस किलोमीटरचं क्षेत्रफळ समुद्र भरून ७३० च्या पुढे नेलं. त्यासाठी शेजाऱ्यांकडून रेती विकत घेतली, इतकी की इंडोनेशियाने २००७ मध्ये रेतीची निर्यातच बंद केली. त्याच सिंगापूरमध्ये उबिन बेटाच्या टोकाला चेक जावा नावाचा ओहोटीला उघडा पडणारा किनारा आहे. तोही भरायचा ठरला होता. निसर्गप्रेमींनी आणि शिक्षकांनी तिथलं जीवजंतूंचं जग लोकांना दाखवायला सुरुवात केली आणि सरकारने २००२ च्या सुरुवातीला ते काम पुढे ढकललं. पुढची गोष्ट आणखी मजेशीर. टेकाँग बेटापाशी सुमारे ८०० हेक्टर जमीन मिळवताना सिंगापूरने समुद्र रेतीने भरला नाही. डच पद्धतीने भोवती बांध घातला आणि आतलं पाणी पंपाने बाहेर काढलं. कारण काय, तर रेती वाचते. आगऱ्यांच्या उघाडीला पंप बसवला की झालं टेकाँग.

आपल्याकडे मोठ्या प्रकल्पांना न्यायालयाची परवानगी मिळवण्याची वाट आहे आणि ती वापरली जाते. बुलेट ट्रेनसाठी पालघर, ठाणे आणि मुंबईत आधी ५३ हजारांहून जास्त खारफुटीची झाडं जाणार होती, ती आराखडा बदलून २२ हजारांच्या आत आणली गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तोडीला परवानगी दिली. ठाण्याच्या खाडीखालून तर सात किलोमीटरचा बोगदाच जातो, अभयारण्याला धक्का लागू नये म्हणून. म्हणजे मनावर घेतलं तर संख्या निम्म्याहून खाली येते, रस्ता पाण्याखालून काढता येतो. बदल्यात लावलेली रोपं कुठे लावली, याकडे मात्र लक्ष ठेवायला हवं. मोकळ्या चिखलात रोपं रोवून आकडा पुरा करणं सोपं असतं, आणि तो चिखल पक्ष्यांचा असतो.

लहान भरावांवर मात्र असं कोणी लक्ष ठेवत नाही. महसूल विभाग म्हणतो वन विभागाला विचारा, वन विभाग म्हणतो ती खासगी जमीन आहे, महापालिका म्हणते पंचनामा झाला आहे. दरम्यान माणकोली-मोठागाव पुलाने डोंबिवली थेट भिवंडीच्या बाजूला जोडली गेली आहे आणि दोन्ही काठांच्या जमिनीचा भाव चढला आहे. गायमुखसारखी चौपाटी होते, बाक येतात, लोक संध्याकाळी फिरायला जातात. खाडी दिसायला लागली हे चांगलंच, पण सिमेंटच्या काठाला चिंबोरी बीळ करू शकत नाही.

या भागात घर घ्यायला निघालेल्याला दोन नकाशे मागता येतात. एक, किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचा, ज्यात खारफुटी आणि तिच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा दाखवलेला असतो. दुसरा, जलसंपदा विभागाच्या पूररेषेचा. त्यातली निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. दोन्हींवर आपला गट क्रमांक किंवा सर्व्हे नंबर शोधायचा. एजंट हे स्वतःहून दाखवत नाही. तो दाखवतो विजेचं बिल आणि घरपट्टीची पावती. महापालिका अनधिकृत घराकडूनही घरपट्टी घेते, पण ती भरली म्हणून घर अधिकृत होत नाही.